पुढचे अठ्ठावीस दाते

पत्र:

दादा, नमस्कार. मी साताऱ्यात राहते, वय ४३. तीन वर्षं रस्त्यावरची सायकल चालवल्यावर गेल्या दिवाळीत २९ इंची चाकांची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक) घेतली. पुढे पेडलपाशी एकच चेनरिंग, म्हणजे चेनची चकती, ३२ दात्यांची. मागे दहा गियर, ११ ते ४६ दात्यांचे. सज्जनगडापर्यंतचा, पुढे ठोसेघरपर्यंतचा डांबरी चढ जमतो. पण एका वाडीतून पवनचक्क्यांच्या पठारावर जाणारी मुरमाची वाट आहे, तिथे सगळ्यात हलक्या गियरवरसुद्धा पाय अडकतात. दर वेळी तीन-चार ठिकाणी उतरून सायकल ढकलते. दोन महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीपुढे दुखतंय. ग्रुपमधली मुलं म्हणतात, 'ताई, पाय बनवा. अठ्ठावीसची चेनरिंग लहान पोरांची.' दुकानदार म्हणतो, २८ या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) बसणारच नाही, सगळं काढून बारा गियरचा सेट टाका, मागे ५१ येईल. खर्च ऐकून गप्प बसले. ३० घेऊ, २८ घेऊ, की बारा गियर? आणि पुढची चेनरिंग लहान केली की सपाटीवर मी मागे पडेन का? माझं वजन ६२ किलो, सायकल १४ किलो.

उत्तर:

ताई, नमस्कार.

२८ घ्या. बारा गियरचा सेट आत्ता नको. तुमच्या क्रँकवर २८ बसत नाही हे दुकानदाराचं म्हणणं बहुधा खरं आहे, पण त्यावर सगळा सेट बदलण्यापेक्षा सोपी वाट आहे. त्याकडे येतोच.

आधी त्या 'पाय बनवा'बद्दल, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच टोचलं. एकच चेनरिंग येण्याआधी माउंटन बाइकला पुढे तीन चकत्या असायच्या आणि सगळ्यात लहान चकती २२ दात्यांची असे. मागे ३४ किंवा ३६. म्हणजे पेडलची एक फेरी मारली की मागचं चाक ०.६५ किंवा ०.६१ फेरी फिरायचं. तुमच्या सायकलवर आज सगळ्यात हलका गियर ३२/४६, म्हणजे ०.७०. त्या जुन्या, जड, साध्या सायकलींपेक्षाही तुमचा हलका गियर जड आहे! २८/४६ केलात तर ०.६१ येतो, म्हणजे २२/३६ च्या अगदी शेजारी. तुम्ही काही नवी सवलत मागत नाही आहात. डोंगरात चालवणाऱ्या सगळ्यांकडे जे आधीपासून होतं, तेच परत मागताय.

मधल्या काळात काय झालं तेही सांगतो. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने पुढे एकच चेनरिंग आणि मागे १०-४२ अशी अकरा गियरची रचना बाजारात आणली. पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) गेला, हँडलवरचा एक शिफ्टर (गियर बदलायचा खटका) गेला, चेन पडणं कमी झालं. सोय मोठी होती, पण ३२/४२ म्हणजे ०.७६. शर्यतवाल्यांना ते चाललं, बाकीच्यांना जड गेलं. म्हणून मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, वाढत गेली: २०१६ मध्ये ५०, २०१८ मध्ये शिमानोची ५१, २०२० मध्ये ५२. कंपन्यांनी मागचं ताट एवढं मोठं केलं ते लोकांना हलका गियर हवा होता म्हणूनच. तुमच्या ग्रुपमधल्या मुलांच्या सायकलींवर ५१ असेल, तर तीही त्याच हलक्या गियरवर चढतायत. तुमच्याकडे तो नाही, एवढाच फरक.

मी स्वतः पहिली काही वर्षं ३४ चालवली. बरोबरचे सगळे ३४ चालवायचे, दुसरं कारण नव्हतं. वेल्ह्याच्या बाजूच्या एका खिंडीत उभं राहून, हँडल ओढून ओढून पेडल मारत चढायचो आणि तेच बळ समजायचो. शेवटी डावा गुडघा असा धरला की आठ महिने सायकल भिंतीला टेकून होती. म्हणून तुमचं 'गुडघ्याच्या वाटीपुढे' वाचल्यावर मी पत्र बाजूला ठेवू शकलो नाही.

आता हिशेब. तुम्ही, सायकल, पाणी, पिशवी मिळून ८० किलो धरू. चढ १५ टक्के, खाली भुसभुशीत मुरूम. पेडल मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरवायचं म्हटलं, तर ३२/४६ वर पायांनी साधारण २२५ वॉट द्यावे लागतात. ३०/४६ वर २१०. दुकानदाराच्या ३२/५१ वर सुमारे २००. आणि २८/४६ वर १९५. वाट किती भुसभुशीत आहे त्यावर पाच-दहा वॉट इकडेतिकडे होतील, पण क्रम हाच राहील. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर या क्रमातच आहे. पुढचे चार दाते कमी केले की बारा गियरच्या पूर्ण सेटपेक्षा हलका गियर मिळतो, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवून.

हेच उलटं मांडतो. तुमच्या वजनाच्या, नियमित चालवणाऱ्या माणसाला दोन-तीन मिनिटांच्या टप्प्यासाठी २०० वॉट काढता येतात असं धरू. त्याच चढावर ३२/४६ ने पेडल मिनिटाला ५४ फेऱ्या फिरेल, २८/४६ ने ६१. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण फेऱ्या पन्नासच्या आसपास आल्या की पेडल वरच्या आणि खालच्या टोकाला अडखळतं, मागचं चाक झटके घेतं, मुरूम सुटतो आणि तुम्ही उतरता. साठ फेऱ्यांना फिरणं गोल राहतं. प्रत्येक फेरीत पेडलवरचा दाब रुपयातले दोन आणे कमी होतो, आणि हे दोन आणे गुडघा दर फेरीला वाचवतो. तासाभराच्या चढात अशा तीन हजारांवर फेऱ्या होतात.

२० टक्क्यांवर मात्र २८/४६ सुद्धा तुम्हाला ४८-४९ फेऱ्यांवर आणेल. तिथे कधी चढाल, कधी उतराल. दहा-वीस पावलं ढकलण्यात काही कमीपणा नाही.

आता ती वाट. तुमच्या पत्रातली 'तीन-चार ठिकाणी' ही खूण मला फार महत्त्वाची वाटते. आपला सह्याद्री सरळ उतरता नाही, तो पायऱ्यांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरले, मग झिजले. टणक थराचा कडा उरला, मऊ थराची सपाटी झाली. इंग्रजीत या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तोही जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून. त्यामुळे आपल्याकडच्या वाटेचा सरासरी चढ फसवा असतो. मोबाइल सांगतो ४-५ टक्के. प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर जवळजवळ सपाट, मग दीडशे मीटर भिंत, पुन्हा सपाट, पुन्हा भिंत. डांबरी घाट वळणं घेऊन हा जिना सौम्य करतो, म्हणून ठोसेघर तुम्हाला जमतं. वाडीतून निघालेली वाट तो जिना सरळ चढते.

म्हणून गियर सरासरीवर निवडायचा नाही, त्या भिंतीवर निवडायचा, आणि तोही दमलेल्या पायांनी. तुमच्या तीन-चार जागांपैकी शेवटच्या जागी एकदा मोजून या. गवंड्याची पाणसळ आणि एक मीटर सरळ पट्टी न्या. पट्टीचं एक टोक चढाच्या वरच्या बाजूला जमिनीला टेकवा, पाणसळ लावून पट्टी आडवी करा, आणि दुसऱ्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती सेंटिमीटर अंतर पडतं ते पाहा. १५ सेंटिमीटर असेल तर चढ १५ टक्के. दोन-तीन जागी मोजा, एखाद्या दगडावर भरवसा ठेवू नका. मग खाली येऊन नेहमीसारखं चढत या आणि त्याच जागी उजवा पाय १५ सेकंदांत किती वेळा खाली गेला ते मोजा, चौपट करा. आकडा ५० च्या खाली असेल तर गियर जड आहे. त्यावर तिसऱ्याचं मत विचारायची गरज नाही.

आता २८ बसवायची कशी. क्रँककडे पाहा. चेनरिंग चार बोल्टांनी बसवलेली असेल आणि शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर साधारण ७४ मिलिमीटर भरत असेल, तर तो १०४ चा साचा, म्हणजे चारही बोल्टांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०४ मिलिमीटर. त्यावर नेहमीच्या पद्धतीने ३२ हीच सगळ्यात लहान चकती बसते. ३० मिळते, पण तिच्यात बोल्टाचे आटे चकतीतच पाडलेले असतात. २८ बसत नाही, चेन बोल्टांच्या जागेवरच घासेल. दुकानदार म्हणतो ते हेच. चेनरिंग क्रँकला रिबीट मारून पक्की केलेली असेल तर प्रश्नच मिटला, काहीच बदलता येत नाही.

दोन्ही प्रकारांत माझं मत एकच: क्रँक बदला. डायरेक्ट माउंट क्रँक घ्या, ज्यात चेनरिंग बोल्टांवर न बसता थेट क्रँकच्या खाचांवर सरकते. त्यावर २८ आरामात बसते, उद्या हवी तर ३० किंवा ३२ सुद्धा. दाते एक रुंद, एक अरुंद असलेले घ्या, चेन धरून ठेवतात. तुमचा बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो तो आसाचा भाग) जुन्या चौकोनी आसाचा असेल तर तोही बदलावा लागेल, खर्चात धरा. तरीही शिफ्टर, डिरेलर, कॅसेट, चेन हे सगळं घेण्यापेक्षा बरंच कमी लागेल. शिवाय बारा गियरच्या १०-५१ कॅसेटचा सगळ्यात लहान गियर दहा दात्यांचा असतो आणि तो तुमच्या मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) जुन्या धाटणीच्या बॉडीवर, म्हणजे कॅसेट जिथे सरकवतात तिथे, बसत नाही. शिमानोच्या कॅसेटला मायक्रो स्प्लाइन नावाची बॉडी लागते, स्रॅमच्या १०-५० ला एक्सडी नावाची. दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यात हब धरलाय का, ते विचारून बघा. अनेकदा ते नंतर कळतं.

क्रँक घेताना दोन गोष्टी बघा. पहिली लांबी. क्रँकवरच छापलेली असते: १६५, १७०, १७५. हल्ली आखूड क्रँकचं कौतुक चाललंय आणि त्यात तथ्यही आहे, गुडघा कमी वाकतो, पेडल दगडाला कमी लागतं. पण तरफ आखूड झाली की जोर जास्त लागतो. १७५ वरून १६५ वर गेलात तर सहा टक्के दाब वाढेल, म्हणजे चार दात्यांनी कमावलेलं जवळजवळ अर्धं तिथेच जाईल. तुमच्यासाठी मी १७० घेईन. आधीच १७० असेल तर तेच ठेवा.

दुसरी चेनलाइन, म्हणजे सायकलीच्या मध्यरेषेपासून चेनरिंग किती बाहेर आहे ते. मागच्या हबची रुंदी १४८ किंवा १४१ असेल तर ५२ मिलिमीटरची घ्या. १३५ किंवा १४२ असेल तर ४९-५० ची. चुकून बाहेरची बसवली तर सगळ्यात मोठ्या गियरवर चेन तिरकी चालेल, कुरकुरेल आणि लवकर झिजेल. तुमचा सगळा जीव त्या मोठ्या गियरवर अवलंबून आहे, त्यामुळे इथे घाई नको. शंका असेल तर दुकानदाराला पट्टी लावून मोजायला लावा, अंदाजावर सोडू नका.

३२ ची २८ केलीत की चेन बरोबर एक इंचाने, म्हणजे कड्यांच्या एका जोडीने जास्त होते. ती काढून टाका. (३० घेतली असती तर अर्धाच इंच जास्त झाला असता आणि चेनला हात लावायची गरज नव्हती.) त्याच वेळी गेजने (चेनची झीज मोजायच्या पट्टीने) चेन बघून घ्या. दहा गियरच्या चेनला ०.७५ चा गेज आत जात असेल तर नवीच घाला. झिजलेली चेन नव्या चकतीचे दाते लवकर खाऊन टाकते, आणि पावसाळ्यानंतरचा मुरूम त्यात पॉलिश पेपरचं काम करतो.

अजून एक फायदा, जो कोणी सांगत नाही. चार दाते कमी झाले की चेनरिंगचं खालचं टोक आठ मिलिमीटर वर येतं. काळ्या दगडाच्या पायरीवर चढताना चकती 'खट्' करून आपटते ना, त्यातल्या बऱ्याच वेळा ती आता वाचेल.

लंबगोल चेनरिंगबद्दल कोणी सुचवलंच तर आत्ता नको. चांगली असते, जोर लागतो तिथे जास्त दाते आणि पाय टोकाला असताना कमी. पण एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने काय झालं ते तुम्हाला कळेल.

सपाटीचं भय सोडा. २८/११ वर मिनिटाला ९० फेऱ्यांनी तुम्ही साडेएकतीसच्या वेगाने जाल. आज ३२/११ वर ३६ मिळतात. मधले साडेचार तुम्ही फक्त डांबरी उतारावर वापरता, आणि तिथे पेडल न मारताही सायकल पळते. वाडीकडे जाताना ग्रुप पंचवीसने चालला, तर २८ वर तुम्ही १३ च्या गियरवर ८५ फेऱ्यांनी आरामात असाल आणि ११ चा गियर शिल्लक राहील. मुरमाच्या उतारावर तर दोन्ही हात ब्रेकवरच असतात. ज्याला सपाटीवर चाळीसने ग्रुप ओढायचाय त्याने ३४ लावावी. तुम्हाला पठारावर पोहोचायचंय.

उलटी शंकाही कोणी काढेल: मग २६ का नको, मागे ५१ पण का नको? फार हलक्या गियरला दुसरी अडचण आहे. ०.५५ च्या गियरवर साठ फेऱ्यांनी वेग साडेचार किलोमीटर, म्हणजे ढकलत चालण्यापेक्षा जेमतेम जास्त. त्या वेगात तोल राखायलाच ताकद जाते, पुढचं चाक उचलतं, मागचं जागच्या जागी फिरतं. वर्षभर २८ चालवा. त्यानंतरही कमी पडली तर अकरा गियरची ११-५१ कॅसेट तुमच्या सध्याच्याच हबवर बसते. शिफ्टर, डिरेलर, चेन तेव्हा बदलता येतील.

वाटेवरचं थोडं. बऱ्याच ११-४६ कॅसेटमध्ये ३७ नंतर एकदम ४६ येतो, मधे काही नाही. ही उडी मोठी आहे आणि जोर लावून पेडल मारत असताना चेन ती नीट घेत नाही, कडकड करते. भिंत सुरू व्हायच्या चार-पाच मीटर आधी, अजून सपाटीवर असतानाच ४६ टाका. मग बैठक सीटच्या पुढच्या टोकावर, छाती खाली, कोपरं आत आणि खाली. उभ्या राहू नका, उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार जातो आणि मुरमात ते फिरतं. टायरमध्ये रस्त्याच्या सायकलीची सवय म्हणून जास्त हवा भरत असाल तर तीही थोडी कमी करून बघा. ट्यूब असेल तर फार कमी नको, दगडावर चिमटा बसून पंक्चर होतं.

आणि गुडघा. वाटीपुढे दुखण्यामागे जड गियरच्या जोडीला बऱ्याचदा खाली ठेवलेली सीट असते. माउंटन बाइक घेतली की उतारासाठी लोक सीट खाली करतात आणि चढताना वर करायला विसरतात. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ होतो का ते बघा. होत नसेल तर सीट वर घ्या, एका वेळी पाच मिलिमीटर. २८ बसेपर्यंत त्या वाटेवर जाऊ नका, डांबरीवर हलक्या गियरने फिरा. सीट आणि गियर बदलूनही तीन-चार आठवड्यांत कमी झालं नाही, किंवा जिना उतरताना दुखायला लागलं, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ते लांबवू नका. मी लांबवलं होतं.

क्रँक बसला की त्याच वाटेवर, त्याच शेवटच्या भिंतीवर पुन्हा १५ सेकंद मोजा आणि आधीचा आणि आताचा असे दोन्ही आकडे मला कळवा. पट्टीने मोजलेला चढही लिहा.